जखम मोजली, जगण्याचे काय?

पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. दवाखान्यात तिची लांबी-रुंदी पाहिली जाते, पट्टी बदलली जाते आणि केसपेपरवर 'ड्रेसिंग केले' एवढे लिहून रुग्णाला घरी पाठविले जाते. तो माणूस रात्री झोपतो का, कामावर जाऊ शकतो का, चारचौघांत बसू शकतो का, हे कोणी विचारीत नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

मौदा तालुका धानाचा. रोवणी म्हणजे दिवसभर बांधीतल्या चिखलात उभे राहणे. ज्या बाईच्या पायाला जुनी जखम आहे, तिची मजुरी ऐन हंगामात बुडते. जखमेची कारणे वेगवेगळी असतात. मधुमेह, फुगलेल्या शिरा, हत्तीपाय, कुष्ठरोगाने आलेली बधिरता ही त्यांतली काही. सिकलसेलच्या काही रुग्णांनाही घोट्याजवळ व्रण होतात. कारण कोणतेही असो, जखम भरायला औषधाबरोबर स्वच्छ, जपलेला पाय, विश्रांती आणि योग्य चप्पल लागते. हातावर पोट असणाऱ्याने ही विश्रांती आणायची कोठून?

जगण्याचा दर्जा मोजता येत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ साली खास जुन्या जखमांसाठी 'वूंड-क्यूओएल' ही १७ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या सात दिवसांत जखम दुखली का, वास आला का, झोप लागली का, जखम वाढेल अशी भीती वाटली का, दुसऱ्याच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले का, खर्चाचा भार पडला का, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. गुण जितके जास्त, तितके जगणे कठीण. म्हणजे रुग्णाचे म्हणणे हीच येथे मोजपट्टी आहे!

पण ही प्रश्नावली जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तीत जिना चढण्याचा आणि फावल्या वेळातील छंदाचा प्रश्न आहे. आमच्या शेतमजुराला विचारायला हवे ते असे : बांधीत उतरता येते का? किती दिवसांची मजुरी गेली? लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी बसते का? दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कुष्ठरोग किंवा मधुमेहाने बधिर झालेला पाय दुखतच नाही. 'दुखते का?' या प्रश्नाला असा रुग्ण 'नाही' म्हणतो आणि त्याचे गुण कमी होतात. वास्तविक न दुखणे हाच त्याच्या पायाला सर्वांत मोठा धोका असतो.

कायद्याचीही तीच गत आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये कुष्ठरोगमुक्त व्यक्तीची व्याख्या आहे. तीत बधिरता आहे, विद्रूपता आहे, हालचाल आणि रोजगारक्षमता आहे. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेचा मात्र शब्द नाही. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ज्याची झोप, मजुरी आणि सोबत गेली, त्याचे टक्के किती? वकिलीच्या अनुभवावरून आम्ही सांगतो, जे कागदावर नाही ते सरकारच्या लेखी घडलेलेच नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलीन प्रकरणात कलम २१ मधील जीवनाचा अर्थ प्रतिष्ठेने जगणे असा केला. ती प्रतिष्ठा केसपेपरवर कधी उतरणार?

धम्मपद अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स नावाच्या भिक्खूची कथा आहे. अंगभर फोड फुटून दुर्गंधी सुटली, तेव्हा सोबतच्या भिक्खूंनी त्याला टाकले. भगवंतांनी स्वतः पाणी तापवून त्याला आंघोळ घातली. त्याच्या जखमेइतकेच त्याचे एकटेपण भगवंतांनी पाहिले होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मौदा तालुक्यातील प्रत्येक सरकारी दवाखान्यात जुन्या जखमेच्या रुग्णाला दर महिन्याला हे प्रश्न त्याच्या बोलीत विचारावेत, उत्तरे केसपेपरवर लिहावीत आणि त्याची प्रत त्याच्या हाती द्यावी. त्यासाठी यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. दहा मिनिटे आणि माणुसकी लागते. कार्यकर्त्यांनी व विहारांतील महिला मंडळांनी गावागावांत अशा रुग्णांची यादी करावी. निवेदन द्यायला जाताना ती सोबत असली पाहिजे!