आकारणी निराळी, दंड निराळा

या स्मरणिकेच्या वाचकांत दुकानदारी व लहानमोठे धंदे करणारी पुष्कळ मंडळी आहेत. धंद्यातील काही उत्पन्न दाखवावयाचे राहिले, म्हणून प्राप्तिकर खात्याचा हुकूम हाती पडला की, अशा घरांत दोन चुका हमखास होताना आम्ही पाहतो. कोणी लाजेने कागद कपाटात ठेवून अपिलाची मुदत दवडतो. तर कोणी वाढीव कर मान्य केला म्हणजे दंडही मुकाट्याने भरलाच पाहिजे, असे समजतो. दोहोंतही नुकसान आहे. म्हणून या विषयाचे थोडे विवेचन करीत आहोत.

न दाखविलेले उत्पन्न धरून कर वाढविणे ही एक गोष्ट आणि त्याबद्दल दंड करणे ही दुसरी. १९६१ च्या कायद्याने दंडाची नोटीस, सुनावणी, हुकूम व अपील ही सर्व आकारणीहून वेगळी ठेवली. १९७० साली अन्वर अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, करदात्याचा खुलासा खोटा ठरला एवढ्यावरूनच दंड बसत नाही. पुढे कायद्यात दुरुस्त्या होऊन खुलासा शाबीत करण्याचा भार बराचसा करदात्यावर आला. तथापि, तपशील खरा देऊन मागितलेली वजावट नामंजूर झाली, तरी तेवढ्याने ती लपवणूक ठरत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०१० साली दिला.

२०१७-१८ या आकारणी वर्षापासून १९६१ च्या कायद्यात दंडाचे दोन दर आले. समजा, एका कापड दुकानदाराने २,००,००० रुपये उत्पन्न कमी दाखविले व त्यावरील कर ६०,००० रुपये झाला. साधी कमतरता असेल तर दंड कराच्या ५० टक्के, म्हणजे ३०,००० रुपये. परंतु विक्री वहीत लिहिलीच नाही किंवा खोटी नोंद केली, असे ठरले तर २०० टक्के, म्हणजे १,२०,००० रुपये. कर व व्याज निराळेच. तेव्हा हुकुमात आपणांस कोणत्या प्रकारात घातले आहे, हे आधी पाहावे.

पहिले अपील मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत करावे लागते. विवरणपत्रात स्वतः कबूल केलेला कर तत्पूर्वी भरलेला असावा. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावे लागते. त्यापुढील पायरी १९४१ साली स्थापन झालेल्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाची. त्याची खंडपीठे इंदूर, पणजी, हैदराबाद येथेही आहेत. वस्तुस्थितीबाबत त्याचा निर्णय सामान्यतः अखेरचा असतो. उच्च न्यायालयात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच जाता येते. म्हणून बिले, रोजकीर्द व बँकेची पासबुके आरंभीच अधिकाऱ्यापुढे ठेवावीत. मागाहून आणलेला पुरावा अपिलात सहजी घेतला जात नाही.

२०२५ च्या नव्या कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यापूर्वीच्या वर्षांची आकारणी जुन्याच कायद्याने होते.

अपील हे चोरी झाकण्याचे साधन नव्हे. खात्याने पकडल्यावर "कटकट नको म्हणून रक्कम कबूल करतो" असे म्हटल्याने दंड टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले आहे. पण ज्याची चूक प्रामाणिक आहे, त्याने लाजून घरी बसू नये. हुकूम मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी आणि त्याच आठवड्यात वह्या घेऊन जाणत्या सल्लागाराकडे जावे, एवढीच आमची विनंती आहे.