स्पीकरचा पडदा आणि तबल्याची पुडी

मोबाइलवर तबलावादन ऐकताना उजव्या हाताचे बोल स्पष्ट येतात. डग्ग्याचा घुमारा मात्र पुसट होतो. असे का होते?

ध्वनी कंपनातून निर्माण होतो. स्पीकरमध्ये चुंबकाजवळ बारीक तारेची गुंडाळी असते व ती पातळ पडद्याला जोडलेली असते. गुंडाळीतून बदलता विद्युतप्रवाह वाहू लागला, की चुंबकाच्या प्रभावाने ती पुढेमागे हलते. तिच्याबरोबर पडदा हलतो आणि हवेला धक्के देतो. हे धक्के सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने आपल्या कानापर्यंत पोहोचतात.

एका सेकंदातील कंपनांच्या संख्येस वारंवारता म्हणतात. माणसाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. वारंवारता कमी, तर स्वर खालचा. असा स्वर मोठ्याने उमटवण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. इवल्याशा पडद्याला ते साधत नाही.

मात्र केवळ आकारावर सारे अवलंबून नसते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. साध्या ताणलेल्या कातड्याची निरनिराळी कंपने एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याच्या पुडीवरील शाईच्या थरामुळे ती सुसंवादी होतात व थापेला स्वर लाभतो, हे त्यांनी उलगडून दाखवले.

वाद्य घडवणाऱ्या कारागिरांनी हे आधीच साधले होते. प्रयोगशाळेने त्यामागचे कारण सांगितले.