विक्री केंद्र बांधताय? आधी जागेवरचं पाणी बघा

मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या ताई आमच्याकडे आल्या. रस्त्यालगत पाच गुंठे जागा मिळतेय, डाळी-मसाले, लोणची-पापड विकायला केंद्र बांधायचंय, नकाशा कसा करू? आम्ही म्हटलं, नकाशा नंतर. आधी पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते बघून या.

हे शहाणपण आम्हाला फटका खाऊन आलंय. आमचं पहिलं केंद्र काळ्या जमिनीवर होतं. ठेकेदारानं माती न काढताच वर भर टाकली आणि फरशी बसवली. दुसऱ्या पावसाळ्यात फरशी मधोमध उचलली, शटर अडकायला लागलं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण बघतोच की! आणि आमच्याकडे रंगाला, बोर्डाला पैसे होते, मुरमाला नव्हते.

म्हणून काळी माती काढायची आणि पाया घट्ट मुरमात न्यायचा. किती खोल, ते अभियंत्यानं जागा बघून ठरवावं. जोत्यात मुरूम भरताना सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस किंवा रोलर. दोन-तीन फूट भर एकदम टाकून वरून ठोकली, तर खालचा भाग पोकळच राहतो.

आता पाण्याचा हिशोब. एका गुंठ्यावर १० मिलीमीटर पाऊस पडला की साधारण १,००० लिटर पाणी होतं. पाच गुंठ्यांवर ५० मिलीमीटर पडला तर २५,००० लिटर. एवढं पाणी आपल्या उंबऱ्याशी आलं तर पापड विकायचे की पोहायचे? त्यासाठी अंगणाला दुकानापासून बाहेर दहा फुटांत दोनेक इंच उतार हवा, कडेनं नाली हवी. गाड्या आत याव्यात म्हणून बरेच जण रस्त्याकडेची चारी मुरमानं बुजवतात. मग वरचं सगळं पाणी तुंबून आपल्याच दारात. तिथं मोठा सिमेंटचा पाइप टाकून वरून वाट करायची. रस्ता ज्या खात्याचा असेल त्याची लेखी परवानगी घ्या आणि रस्त्यापासून किती अंतर सोडायचं तेही तेव्हाच विचारा.

जोतं दीड फूट उंच असेल तर उतरता रस्ता अठरा फूट लांब धरा, म्हणजे फुटाला बारा फूट. म्हाताऱ्या आजी, चाकाची खुर्ची, पोत्यांची हातगाडी, सगळ्यांना चालतं. ही जागा नकाशात आधीच राखून ठेवा.

सिमेंटच्या पोत्यावर पीपीसी लिहिलं असेल तर काँक्रीट किमान दहा दिवस ओलं ठेवायचं. आमच्या गटात रोज दोघींची पाळी होती. गवंडी म्हणाला, ‘ताई, चार दिवस बास.’ आम्ही दहा दिवस पाणी मारलं.

आणि हप्ता देताना एक अट लिहून घ्या: पाया, भर, सळई, यातलं काहीही झाकण्याआधी अभियंता आणि आपल्या दोघी बघणार, मोजणार, वहीत सही करणार. मगच पैसे.

त्या ताईंचा परवा फोन आला. वळवाचा पाऊस झाला तेव्हा त्या छत्र्या घेऊन जागेवर गेल्या होत्या. ज्या कोपऱ्यात दुकान धरलं होतं तिथंच घोटाभर पाणी. आता दुकान वरच्या बाजूला जाणार, खाली गाड्या लागणार.