डबा बदलण्याचं ते एक मिनिट

पोटाची शस्त्रक्रिया सुरू होऊन दीड तास झाला आहे. रुग्ण श्वास आत घेतो तेव्हा श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ शून्यावर यायला हवी, पण ती आता चार-पाचच्या खाली उतरेना. बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड परत फुप्फुसांत चालला आहे. भूलतज्ज्ञाची नजर यंत्राच्या खालच्या पारदर्शक डब्यावर जाते. कार्बन डायऑक्साइड शोषणारे सोडा लाइमचे पांढरे दाणे जांभळे पडले आहेत. डबा बदलायला हवा, तोही रुग्ण भुलेत असताना.

काही यंत्रांत डबा काढताच झडप ती वाट बंद करते आणि श्वास चालू राहतो. काहींत अशी झडप नसते. डबा निघाला की सगळा दाब तिथून निसटतो. व्हेंटिलेटर चालतो, छाती मात्र हलत नाही. आपल्यासमोरचं यंत्र यांतलं कोणतं, हे सकाळीच माहीत हवं.

मोठ्या माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. फुप्फुसं ऑक्सिजनने भरलेली असतील तर निरोगी माणूस श्वासाविना काही मिनिटं निभावून नेतो. लहान मूल, गरोदर बाई किंवा स्थूल रुग्ण यांचा साठा फार लवकर संपतो.

म्हणून जाणता भूलतज्ज्ञ आधी ताज्या वायूचा प्रवाह वाढवतो. त्याने कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो आणि उसंत मिळते. मग सर्जनला मोठ्याने सांगायचं, "डबा बदलतोय, जरा थांबा." एकाने रुग्णाकडे बघायचं, दुसऱ्याने डब्याकडे. नव्या डब्याचं प्लास्टिकचं वेष्टण निघालं आहे ना, हेही हात लावून बघायचं. वेष्टणासकट डबा बसवल्याच्या घटना घडलेल्या आहेत. रबरी कड्यावर एखादा दाणा अडकला तरी गळती होते. डबा बसला की यंत्राची पिशवी दाबून पाहायची, छाती हलते का बघायचं आणि रेघ शून्यावर येते का तेही. केवळ रंगावर विसंबणं धोक्याचं, कारण यंत्र काही वेळ बंद राहिलं की संपलेले दाणेही पुन्हा पांढरे दिसू शकतात.

या चुका आळशी माणसांच्याच हातून होतात असं नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले अभियंते जेफ्री कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये भुलेतल्या ३५९ टाळता येण्याजोग्या घटना तपासल्या. त्यांतल्या ८२ टक्के मानवी चुकांच्या होत्या, आणि श्वासनळ्यांचा जोड सुटणं हा वारंवार आढळलेला प्रकार होता.

जोड कधी बंदही होतो. २००१ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात एक नऊ वर्षांचा मुलगा किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आला आणि दगावला. सलाइनच्या नळीचं एक छोटं टोपण श्वासमार्गाच्या कोपऱ्याच्या तुकड्यात अडकलं होतं. यानंतर तिथल्या आरोग्य खात्याने तज्ज्ञांची समिती नेमली. श्वासमार्गाचे असे सुटे भाग वापरेपर्यंत वेष्टणातच ठेवावेत, ही शिफारस वाचायला अगदी साधी वाटते. पण तिच्यामागे एक मूल आहे.

श्वास चालेना आणि दोष कुठे आहे ते कळेना, तर यंत्रात दोष शोधत बसायचं नाही. यंत्राची नळी काढायची, अंबू बॅग म्हणजे हाताने दाबायची पिशवी लावायची आणि श्वास द्यायचा. भुलेचा वायू थांबतो, म्हणून शिरेतून औषध चालू ठेवायचं. अंबूची ही पिशवी १९५६ मध्ये डेन्मार्कमध्ये आली. तिला वीज लागत नाही, सिलिंडर नसला तरी ती हवा देते. ब्रिटन आणि आयर्लंडच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या २०१२ च्या तपासणी यादीत, यंत्राच्याही आधी, पहिली ओळ तिचीच आहे: ही पिशवी हाताशी आहे ना?