रेल्वे सिम्युलेटर आणि निर्मितीसाधनांची प्रतीक्षा : एक विवेचन

प्रस्तावना

संगणकावर रेल्वे चालविण्याचा अनुभव देणाऱ्या खेळांना रेल्वे सिम्युलेटर असे म्हणतात. अन्य संगणकीय खेळांत जय-पराजय महत्त्वाचा असतो. येथे चढ, वळण, सिग्नल आणि वेळापत्रक यांचे भान राखून गाडी सुखरूप नेणे हेच साध्य असते. या खेळांच्या चाहत्यांपैकी अनेकांचे केवळ गाडी चालवून समाधान होत नाही. आपल्या गावावरून जाणारा लोहमार्ग, लहानपणी पाहिलेले इंजिन स्वतः घडवावे, अशी त्यांची आकांक्षा असते. त्यासाठी लागणारी साधने कंपनीकडून मिळेपर्यंत त्यांना थांबावे लागते. ही प्रतीक्षा वरवर पाहता हौशी मंडळींची तक्रार वाटते. तथापि कोणता लोहमार्ग संगणकावर जतन व्हावा आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. या साधनांचे स्वरूप, विलंबाची कारणे व परिणाम यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निर्मितीसाधनांचे स्वरूप

ही साधने स्थूलमानाने चार प्रकारची असतात. पहिले साधन मार्ग उभारण्याचे. अमेरिकेच्या अवकाशयानाने २००० साली रडारद्वारे गोळा केलेल्या उंचीच्या आकडेवारीवरून डोंगर-दऱ्या उभ्या करता येतात. परंतु बोरघाटातील १:३७ चा चढ त्या आकडेवारीतून आपोआप उमटत नाही. रूळ, पूल व बोगदे रचनाकाराला स्वतः मांडावे लागतात. दुसरे साधन इंजिने व डबे घडविण्याचे. यात त्रिमितीय आकृतीबरोबरच वजन, ओढण्याची शक्ती, ब्रेकचा दाब यांचीही नोंद करावी लागते. तिसरे साधन सिग्नलचे नियम लिहिण्याचे आणि चौथे गाड्यांचे वेळापत्रक व प्रसंग रचण्याचे होय. यांपैकी एक जरी उपलब्ध नसले तरी निर्मिती अपुरी राहते.

प्रतीक्षेचा पूर्वेतिहास

ब्रिटनमधील कुजू या कंपनीने विकसित केलेला मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर २००१ साली बाजारात आला. त्यात सहा मार्ग होते आणि मार्ग व प्रसंग रचण्याची साधनेही सोबतच दिलेली होती. ही साधने सदोष होती. मार्ग उभारताना ती मध्येच बंद पडत. तरीही इंजिनाची तांत्रिक माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत असल्याने ती कोणालाही वाचता व बदलता येत असे. त्यामुळेच डब्ल्यूडीएम-२ सारखी भारतीय इंजिने हौशी रचनाकारांच्या हातून या खेळात आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ऑरन कंपनीच्या ट्रेन्झ या खेळातही मार्ग उभारण्याचा विभाग अंगभूतच होता.

पुढे चित्र पालटले. मायक्रोसॉफ्टच्या खेळाची दुसरी आवृत्ती दोनदा घोषित झाली. पहिली २००३ मध्ये रद्द झाली; २००७ मध्ये घोषित झालेली दुसरी २००९ मध्ये बंद पडली. २००७ च्या रेल सिम्युलेटरमध्ये मार्ग उभारण्याची सोय होती. परंतु नवी इंजिने व इमारती खेळात आणण्यासाठी लागणारी साधने नंतर स्वतंत्रपणे देण्यात आली. ट्रेन सिम वर्ल्ड या मालिकेतील प्रतीक्षा तर फारच दीर्घ ठरली. मालिकेचा आरंभ २०१६-१७ मध्ये झाला. २०२० मध्ये गाड्यांना रंग देण्याची व प्रसंग रचण्याची सोय मिळाली. आणि मार्ग व गाड्या घडविण्याचे संपूर्ण साधन संगणकधारकांना २०२३ मध्ये लाभले.

विलंबाची कारणे

या विलंबाचा दोष केवळ कंपन्यांच्या अनास्थेला देणे न्याय्य नव्हे. कंपनीतील साधने तिच्या कर्मचाऱ्यांसाठी बनविलेली असतात. ती बाहेर देण्यापूर्वी मार्गदर्शिका लिहावी लागते, तसेच इतरांच्या मालकीचे घटक वगळावे लागतात. शिवाय आधुनिक खेळांत मूळ आकृती विशिष्ट यांत्रिक रूपात परिवर्तित केल्याखेरीज खेळ ती स्वीकारत नाही. म्हणून २००१ प्रमाणे साध्या मजकुरात बदल करून काम भागत नाही. साधने एकदा खुली केली की मूळ रचनेत बदल करणेही कठीण होते, कारण प्रत्येक बदलाने लोकांनी केलेले काम निकामी होण्याचा धोका असतो. याखेरीज व्यापारी कारणही आहे. अतिरिक्त मार्ग व इंजिने विकणे हे कंपनीच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन असते. लोकांनी विनामूल्य केलेली निर्मिती त्याला पूरक ठरेल की मारक, याविषयी साशंकता असणे स्वाभाविक आहे.

परिणाम

प्रतीक्षेचा पहिला परिणाम कौशल्यावर होतो. हौशी रचनाकाराचा उत्साह वर्षानुवर्षे टिकत नाही. तो अन्य छंदाकडे वळतो आणि त्याची जाणकारीही त्याच्याबरोबर जाते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. साधने केवळ कंपनीच्या हाती असतील तर विकले जाणारे मार्गच प्रामुख्याने घडतात. बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण घेता येईल. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झालेला हा अडीच फुटी मार्ग पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेला. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या गाडीने पंढरीस गेल्या. आज तेथे ब्रॉडगेज आहे. ती छोटी गाडी पाहिलेली माणसे हयात आहेत, तोवरच तिची स्थानके, वळणे आणि आवाज यांची खातरजमा करता येईल. लंडन वा न्यूयॉर्कच्या ग्राहकाला या मार्गाचे अगत्य असण्याचे कारण नाही. ते काम येथल्याच कोणा जाणकाराने करावयाचे आहे आणि त्याच्यासाठी पाच-सात वर्षांची प्रतीक्षा म्हणजे साक्षीदार गमावणे होय.

निष्कर्ष

प्रतीक्षेला कंटाळून स्वतःच मार्ग काढल्याचे उदाहरणही आहे. २००९ च्या सुमारास स्वयंसेवकांनी ओपन रेल्स हा मुक्त कार्यक्रम हाती घेतला, त्याची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या खेळासाठी घडविलेले मार्ग व इंजिने त्यावर चालतात. मूळ खेळाचा विकास केव्हाच थांबला, परंतु लोकांनी केलेले काम टिकले; कारण त्याच्या फाइली इतरांना वाचता येत होत्या. यावरून असे म्हणता येईल की, निर्मितीसाधने ही खेळाला दिलेली पुरवणी नसून त्याच्या दीर्घायुष्याचा आधार आहेत. साधने सदोष असली तरी चालतील. ती वेळेवर आणि खुल्या स्वरूपात मिळणे अधिक मोलाचे आहे.