चिडवायला समोर कुणी हवं ना!

आज कोलशेतहून बोलतोय. आपण घोडबंदर रोडचा ट्रॅफिक काढत अंधेरीला मॅचला जायचो, तेव्हा पुणेकरांना काय चिडवायचो! ‘बालेवाडीचं स्टेडियम सरकारचं, तुमचं काय?’ अहो, पण अंधेरीचं मैदान तरी मुंबई सिटीचं कुठंय? ते महापालिकेचं. इंडियन सुपर लीगमध्ये बहुतेकांचं असंच: मैदान दुसऱ्याचं, तिकिटांतून खेळाडूंचे पगारही निघत नाहीत, सगळा भार मालकाच्या खिशावर. मालकाने हात आखडला की क्लब अडचणीत. एफसी पुणे सिटी २०१४ला सुरू झाला, २०१९ला बंद पडला. त्याची जागा हैदराबादने घेतली. त्यांच्या रिकाम्या तिजोरीवर आपण हसलो खरे, पण महाडर्बी आपलीही गेली.