व्यसनी मुलाची धाकटी बहीण

इचलकरंजीत बाप मागावर रात्रपाळीला, आई कांड्या भरायला. थोरला दारूच्या नादी लागला की सगळं घर त्याच्याच मागे. दहावीतली धाकटी मात्र गप्प होते, पैशांचा डबा लपवते, मैत्रिणींना घरी आणत नाही. तिला ‘समजूतदार’ म्हणून मोकळं होऊ नका, ती घाबरलेली असते. दादाला आजार आहे, तो तुझ्यामुळे झाला नाही, त्याच्यावर पाळत ठेवणं तुझं काम नाही, हे तिला स्पष्ट सांगा. रोज थोडा वेळ फक्त तिचा. त्यात दादाचा विषय नको. पुण्यातलं मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतं, तिथेही घरच्यांना सोबत घेतात. तिची झोप उडाली, अभ्यास सुटला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. घरात मारहाण होत असेल तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन लावा.